शून्याच्या खाली गेलेली कॉफी

फ्रीजरमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेला, अंगावर पाणी सुटलेला बर्फ घ्या. त्याचं तापमान शून्य अंश सेल्सिअस असतं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात तो भरा, त्यावर व्होडका आणि कोमट कॉफी ओता, झाकण लावा आणि दहा-पंधरा सेकंद जोरजोरात हलवा. आता आत थर्मामीटर बुडवून पाहा. आकडा शून्याच्या खाली गेलेला असतो, उणे तीन, कधी उणे पाचपर्यंत. व्होडका कपाटातली होती, कॉफी कोमट होती आणि भांड्यातली सगळ्यांत गार वस्तू शून्यावर होती. तरी तिघं मिळून त्या गार वस्तूपेक्षाही गार झाली.

बर्फाला वितळायला उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नाही. एक ग्रॅम बर्फाचं पाणी होताना ८० कॅलरी उष्णता गिळली जाते. नुसत्या पाण्यात बर्फ आणि पाणी शून्यावर तोल सांभाळून राहतात: जितके रेणू बर्फातून सुटतात तितकेच परत येऊन त्याला चिकटतात. पाण्यात मद्यार्क आला की हा तोल ढळतो. बर्फावर येऊन आदळणाऱ्या रेणूंपैकी काही आता मद्यार्काचे असतात आणि बर्फाच्या जाळीत त्यांना जागा नसते. सुटणारे तेवढेच राहतात, परतणारे घटतात. म्हणून शून्यावर पोचूनही बर्फ वितळतच राहतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या द्रवातून आणि स्वतःच्या अंगातून ओढून घेतो. लाकडी पॉटमध्ये हाताने आइस्क्रीम फिरवायचे तेव्हा बर्फावर खडेमीठ टाकायचे ते ह्याचसाठी. इथे मिठाचं काम मद्यार्क करतो.

कॉफी अगदी कढत ओतली तर काय होईल, याचा हिशेब तोंडी करता येतो आणि तो मला फार आवडतो. ८० अंशांची एक ग्रॅम कॉफी शून्यावर येताना साधारण ८० कॅलरी सोडते. एक ग्रॅम बर्फाला वितळायला तेवढ्याच लागतात. म्हणजे ८० अंशांची ३० मिली कॉफी शेकरमध्ये गेली की ती एकटीच ३० ग्रॅम बर्फाचं पाणी करून टाकते आणि स्वतःइतकंच पाणी आपल्यात मिसळून घेते. घरची कॉफी-कॉकटेल पांचट लागतात त्याचं मुख्य कारण हेच. कॉफी वाटीत ओतून ती वाटी दोन-तीन मिनिटं गार पाण्यात धरली की निम्मं नुकसान टळतं.

या पेयांविषयी मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, की त्यांचा कस महागड्या बाटलीत नाही. उष्णता, हवा आणि साखर यांचा ग्लासात चाललेला व्यवहार कळला की साध्या व्होडकेतून आणि घरच्या कॉफीतून उत्तम पेय निघतं. तो कळला नाही तर परदेशातून आणलेली बाटलीही वाया जाते.

वरची कृती आहे एस्प्रेसो मार्टिनीची. लंडनच्या सोहो भागातल्या सोहो ब्रासरी या ठिकाणी डिक ब्रॅडसेल नावाचा बारटेंडर १९८० च्या दशकात काम करायचा. कॉफीचं मशीन त्याच्या उभं राहण्याच्या जागेशेजारीच होतं आणि कॉफीचा चुरा सगळीकडे सांडलेला असायचा. एक तरुण मॉडेल आली आणि तिने मागितलं असं काही, जे आधी जागं करेल आणि मग झिंगवेल. ब्रॅडसेलने हाताशी होतं ते एकत्र केलं: व्होडका, ताजी एस्प्रेसो, कॉफीचं लिकर आणि साखर. त्याने त्याला व्होडका एस्प्रेसो असं सरळ नाव दिलं होतं. मार्टिनीच्या पसरट ग्लासामुळे आजचं नाव पुढे चिकटलं. २०१६ साली ब्रॅडसेल गेला, तोवर त्याचं हे पेय जगभर पोचलं होतं.

ओतल्यावर पहिले काही क्षण ग्लासात गढूळ तपकिरी काहीतरी दिसतं. मग बघता बघता खालून काळेपणा चढू लागतो आणि वर बदामी रंगाचा, जाड, मखमली फेस गोळा होतो. दुधाचा थेंबही नाही, अंडं नाही. नुसत्या पाण्यात आणि व्होडकेत असा फेस जन्मात होणार नाही. तो कॉफीचा आहे.

कॉफीच्या बिया भाजताना त्यांत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पेशींच्या भिंतींमध्ये कोंडून राहतो. किलोभर ताज्या भाजलेल्या बियांत तो काही लिटर असतो. एस्प्रेसो यंत्र नऊ बार दाबाने गरम पाणी पुडीतून ढकलतं तेव्हा हा वायू पाण्यात विरघळतो आणि बाहेर, मोकळ्या हवेत येताच बुडबुडे होऊन सुटतो. एस्प्रेसोवरचा सोनेरी थर म्हणजे हेच बुडबुडे. पण बुडबुडा जन्माला घालणं सोपं, तो टिकवणं अवघड. साबण नसलेल्या पाण्यातला बुडबुडा क्षणात फुटतो. कॉफीत प्रथिनं असतात, लांब साखळ्यांच्या बहुशर्करा असतात आणि भाजताना तयार झालेले मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी, थोराड रेणू असतात. हे सगळे बुडबुड्याच्या भिंतीवर जाऊन बसतात आणि ती बळकट करतात. शेकरमध्ये आदळणारे बर्फाचे खडे हवा आत ओढतात आणि मोठ्या बुडबुड्यांचे बारीक तुकडे करत राहतात.

मग थंडी मदतीला येते. फेस मरतो तो मुख्यतः बुडबुड्यांमधला द्रव खाली निथळून भिंती पातळ झाल्यामुळे. शून्य अंशाचं पाणी २५ अंशांच्या पाण्याच्या दुप्पट चिकट असतं, आणि पाणी-मद्यार्काचं गार मिश्रण त्याहून कितीतरी जास्त. साखर त्यात आणखी भर घालते. निथळणं मंदावतं, फेस मिनिटं न् मिनिटं उभा राहतो. म्हणून या पेयातली साखर चवीपुरती समजून कुणी गाळू नये.

फेस फिका का दिसतो, हेही विचारून पाहण्याजोगं आहे. काळ्या कॉफीचाच तर तो बनलेला! प्रत्येक बुडबुड्याची भिंत इतकी पातळ असते, की तीत प्रकाश शोषून घेण्याइतकी कॉफीच नसते. आणि हजारो भिंतींवर आदळून प्रकाश आपल्याकडे परत फेकला जातो. आपल्या घरांत हा चमत्कार पिढ्यान् पिढ्या झाला आहे. कपात इन्स्टंट कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी घालून हात दुखेपर्यंत फेटायचं. गडद तपकिरी लगदा हळूहळू फिका, फुललेला होतो. २०२० च्या टाळेबंदीत हीच फेटलेली कॉफी दालगोना या कोरियन नावाने जगभर मिरवली.

इथे घरगुती कॉकटेलवाल्यांच्या कामाची एक गोष्ट दडली आहे. फेसाचा मोठा शत्रू म्हणजे तेल, आणि इन्स्टंट कॉफीत तेल फार थोडं असतं. शिवाय कारखान्यात ती काढताना इतकं तापमान आणि दाब वापरतात, की एरवी चोथ्यात राहून जाणाऱ्या बहुशर्कराही अर्कात उतरतात. म्हणून इन्स्टंट कॉफीचा फेस दणकट असतो, वास मात्र बेताचा. उलट मोका पॉटमधून येणारी कॉफी वासाला भरदार असते. १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातून आलेलं ते अष्टकोनी भांडं एक-दोन बारच्या वर दाब देत नाही, त्यामुळे तिला स्वतःचा फेस जवळपास नसतो. तर दोघींची सांगड घालावी. मोका पॉटची ३० मिली दाट कॉफी घ्यावी आणि ती गरम असतानाच तीत चमचाभर इन्स्टंट विरघळवावी. मग ५० मिली व्होडका, २० मिली कॉफी लिकर, १० मिली साखरेचा पाक आणि शेकर तीन चतुर्थांश भरेल इतका बर्फ. यंत्र नसलेल्या घरात याहून चांगला फेस मला मिळालेला नाही. दाक्षिणात्य फिल्टरचं डिकॉक्शनही चालतं, फक्त पूड कमी चिकोरीची घ्यावी. चिकोरीचा कडवटपणा दुधात गोड वाटतो, व्होडकेत तो उघडा पडतो.

कडवटपणाचं म्हणाल तर त्यातला मोठा वाटा कॅफिनचा असतो असा समज आहे, पण तो वाटा लहानच आहे. कच्च्या बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लांपासून भाजताना लॅक्टोन तयार होतात, ते कडू. आणखी भाजलं की त्यांचेही तुकडे होऊन फिनाइलइंडेन बनतात. ते जास्त कडू आणि जिभेवर रेंगाळणारे. गार पेयात गोडवा जिभेला कमी जाणवतो, त्यामुळे काळ्याकुट्ट भाजलेल्या कॉफीचं कॉकटेल आणखीनच बोचतं. मध्यम भाजलेली कॉफी घ्यावी. आणि शेकरमध्ये चिमटीच्या टोकावर मावेल इतकं मीठ टाकून पाहावं. सोडियम जिभेवर कडू चवीला दाबतो. ती दबली की मागे लपलेली गोडी पुढे येते. मीठ म्हणून मीठ कुठेच लागत नाही.

आता गरम ग्लासाकडे. आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदीच्या मुखाशी फॉइन्स नावाचं लहानसं बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अटलांटिक ओलांडणारी प्रवासी विमानं तिथे पाण्यावर उतरत. त्यांना धावपट्टी लागत नसे, नदीचं पात्रच पुरे. १९४३ च्या हिवाळ्यात एका रात्री असंच एक विमान वादळामुळे अर्ध्या वाटेवरून परतलं, असं तिथे सांगतात. काकडून गेलेल्या प्रवाशांसाठी तिथला आचारी जो शेरिडन याने गरम कॉफीत आयरिश व्हिस्की आणि साखर घातली आणि वर साय सोडली. हीच आयरिश कॉफी.

काळ्या कॉफीवर तरंगणारा तो पांढरा थर पाहायला सोपा आणि करायला महाकठीण. १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्वेना व्हिस्टा कॅफेचे मालक जॅक कोपलर आणि प्रवासलेखक स्टॅन्टन डेलाप्लेन हे पेय जमवायला बसले. शॅननला चाखलेली चव त्यांना आपल्या गावात हवी होती. चव साधली, पण साय दर वेळी बुडायची.

ती का बुडायची, हे आकड्यांवरून दिसतं. एक मिली गार पाण्याचं वजन एक ग्रॅम. ७५ अंशांना पाणी प्रसरण पावतं आणि तेच वजन ०.९७५ ग्रॅमवर येतं. ४० टक्के मद्यार्काची व्हिस्की त्याहून हलकी, मिलीमागे ०.९५ ग्रॅमच्या आसपास. १२० मिली कॉफीत ४० मिली व्हिस्की घातली की मिश्रण भरतं ०.९७ च्या जवळ. आणि ३५ टक्के स्निग्धांशाची गार साय? जवळजवळ १. तेल पाण्यावर तरंगतं या न्यायाने साय वर राहील असं आपण धरून चालतो, पण गार साय या गरम, मद्याळ कॉफीपेक्षा जड आहे! दोन चमचे साखर विरघळवली की कॉफीचा आकडा ०.९९ पर्यंत चढतो. हातभार मोठा, तरी गणित काठावरच राहतं. ते सुटतं हवेने. साय हलकी फेटून तिचं आकारमान तिसऱ्या हिश्श्याने वाढवलं, की तिचा एक मिली पाऊण ग्रॅमचा होतो, आणि मग तिला बुडवू म्हटलं तरी बुडत नाही.

कॅफेवाले सांगतात, की सॅन फ्रान्सिस्कोत दुधाचा मोठा धंदा असलेले आणि पुढे त्या शहराचे महापौर झालेले जॉर्ज ख्रिस्टोफर यांच्याकडून त्यांना तोड मिळाली: साय ४८ तास मुरू द्यायची आणि मगच नेमकी हवी तितकी फेटायची. ही निव्वळ दुकानदाराची युक्ती नव्हती. दूध तापवून निर्जंतुक करताना सायीतले स्निग्धकण वितळतात. गारव्यात तासन् तास ठेवल्यावरच त्यांच्यात पुन्हा स्फटिक धरतात. फेटताना हे अर्धवट घट्ट कण एकमेकांत अडकतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती कोट उभारतात. कण मऊ असले तर कोट उभा राहत नाही. मे महिन्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात साय फेटून पाहिलेल्यांना याचा पुरावा नको. भांडं, रवी आणि साय तिन्ही फ्रीजमधून थेट ओट्यावर यावीत, आणि काम चटकन उरकावं. आपल्याकडे सहज मिळणारं २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम नीट फुलत नाही, कारण कोट बांधायला तेवढे कणच नसतात. डब्यावर ३० टक्क्यांच्या वरचा आकडा पाहून घ्यावं. केकवर लावतात तसं ताठ करू नये. चमच्यावरून संथपणे ओघळेल इथवर आलं की थांबायचं, आणि पालथ्या चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडायचं.

कॉफी उकळती नसावी, हेही तितकंच महत्त्वाचं. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो. त्या तापमानाला व्हिस्की घातली तर पहिल्या घोटाआधीच तिची वाफ नाकात घुसते आणि ठसका लागतो. आयरिश कॉफी ढवळायची नसते. ओठांना गार साय लागते आणि तिच्याखालून गरम, कडू-गोड धार येते. एकाच घोटात दोन तापमानं मिळावीत अशी पेयं जगात फार नाहीत.

एक इशारा मात्र मधेच देतो, कारण तो शेवटी ढकलण्याजोगा नाही. कॉफी नशा उतरवत नाही. कॅफिन फक्त पेंग घालवतं; रक्तातला मद्यार्क होता तिथेच राहतो आणि माणसाला आपण शुद्धीत आहोत असं वाटतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली कॅफिन घातलेली मद्यं बनवणाऱ्या चार कंपन्यांना तंबी दिली ती याच धोक्यापायी. घरी एक, फार तर दोन ग्लास, आणि त्यानंतर गाडीची किल्ली हातात नको. महाराष्ट्रात तर अशी मद्यं पिण्याला वयाची पंचवीस वर्षं पुरी लागतात आणि परवानाही.

वर कृतीत कॉफी लिकर आलं. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझमध्ये १९३६ पासून बनणारं काहलुआ सगळ्यांत नावाजलेलं. १९४९ साली ब्रुसेल्सच्या मेट्रोपोल हॉटेलात गुस्ताव टॉप्सने त्यात नुसती व्होडका मिसळून ब्लॅक रशियन केलं. त्यावर क्रीम आलं की व्हाइट रशियन. पण लिकर घरी करणं इतकं सोपं आहे, की विकत घ्यायचं मनावर घेऊ नये. अर्धा लिटर गडद रममध्ये ६० ग्रॅम ताज्या, मध्यम भाजलेल्या बिया जाडसर ठेचून घालाव्यात, दिवसभर ठेवाव्यात, गाळून घ्याव्यात, आणि २५० ग्रॅम साखरेचा पातळ पाक गार करून मिसळावा. चिखलदऱ्याच्या बिया हाती लागल्या तर अवश्य वापराव्यात. सातपुड्यातल्या त्या टापूत कॉफी पिकते हे महाराष्ट्रातच पुष्कळांना ठाऊक नसतं. फेणीतही मी करून पाहिलं आहे. काजूची फेणी स्वतःच इतकी वासाची, की कॉफीला बोलू देत नाही.

बिया जास्त दिवस ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. कॉफीच्या वासात ८०० हून अधिक निरनिराळे रेणू मोजले गेले आहेत आणि त्यांतले बरेच पाण्यापेक्षा तेलाशी सलगी करणारे. गार पाण्याला ते दाद देत नाहीत, ४० टक्के मद्यार्काला पटकन देतात. तासाभरात रम वास धरू लागते. दिवस उलटला की मागून लाकडासारखे तुरट अंश उतरू लागतात. वासाच्या या घोळक्यात फरफ्युरिलथायॉल नावाचा गंधकयुक्त रेणू म्हणजे नुकत्या भाजलेल्या कॉफीचा प्राण. एक अब्ज भाग पाण्यात त्याचा एक भागसुद्धा नसला तरी आपल्या नाकाला तो कळतो. १९२० च्या दशकात झ्युरिकमध्ये तो हुडकणारे दोन रसायनशास्त्रज्ञ होते हर्मान श्टाउडिंगर आणि तादेउश राइखश्टाइन. दोघांनाही पुढे वेगवेगळ्या कामांसाठी नोबेल मिळालं. हा रेणू कॉफीतल्याच मेलॅनॉइडिनांशी जोडला जाऊन भराभर नाहीसा होतो. सकाळची उरलेली कॉफी संध्याकाळी शेकरमध्ये घातली तर काय हरवलेलं असतं, ते हे. फेस उभा करणारे आणि वास गिळणारे रेणू एकच असावेत, याचं मला अजून नवल वाटतं.

राहता राहिलं जायफळ. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरच्या पुस्तकाच्या १८८७ सालच्या आवृत्तीत कॉफी कॉकटेल नावाची कृती आहे आणि तिच्यात कॉफी नाहीच. पोर्ट, ब्रँडी, साखर आणि अख्खं अंडं बर्फावर हलवलं, की फेसामुळे ते दुधाच्या कॉफीसारखं दिसतं, एवढाच संबंध. पण वरून किसायला सांगितलं आहे जायफळ. आपल्याकडे कॉफीत जायफळ घालायचं हे घरोघरी मुरलेलं, तिथे त्या काळच्या बारमध्येही तेच हाताशी. जायफळाची सुवासिक तेलं स्निग्धात आणि मद्यार्कात चांगली विरघळतात, नुसत्या पाण्यात फारशी नाहीत. दुधाच्या कॉफीत त्यांना पहिलं मिळतं. व्हाइट रशियनमध्ये किंवा आयरिश कॉफीच्या सायीवर दोन्ही मिळतात, म्हणून तिथे ते जास्त खुलतं. आयती पूड वापरू नका. तिची तेलं डब्यातच उडून गेलेली असतात. अख्खं जायफळ बारीक किसणीवर दोन-तीनदा फिरवलं की पुरे.